सतरावर आणखी एक पान

तो माझ्या टेबलाशी आला तो खेळायला नव्हे, बसायला. कॅसिनोत खेळल्याशिवाय बसायला मिळत नाही, आणि लास व्हेगसच्या ऑगस्टातल्या उन्हात सकाळभर पायपीट केलेल्या माणसाला रिकामी खुर्ची दिसली की देव भेटल्यासारखं होतं. उंच, रापलेला, अंगात मोठाल्या झाडपानांच्या नक्षीचा शर्ट आणि चेहऱ्यावर 'मी इथे कसा काय येऊन पडलो' असा भाव. असे चेहरे मी रोज बघते. पण हा खुर्चीत बसला आणि त्याने इतका मनापासून सुस्कारा सोडला, की मला हसू आवरेना.

"एकवीसचा डाव ना हा?" त्याने खिशातून नोट काढली आणि सरळ माझ्या हातात द्यायला लागला.

मी हात मागे घेतला. "टेबलावर ठेवा."

"घ्या की. चांगली नोट आहे."

"आम्ही हातातून हातात काही घेत नाही. टेबलावर."

त्याने नोट ठेवली. मी पानं वाटली. त्याने ती लगेच उचलली.

"पानांना हात लावायचा नाही."

"बरं बाई!" त्याने पानं खाली टाकली. "आणखी एक द्या."

मी पान काही टाकलं नाही.

"अहो, आणखी एक पान द्या ना."

"बोललेलं चालत नाही इथे. पान हवं असेल तर बोटाने टेबलावर टकटक करा. नको असेल तर हात असा आडवा फिरवा."

"का? तुम्हाला ऐकू येतंय की माझं."

"मला येतंय. वरच्याला येत नाही." मी डोळ्यांनीच छताकडे खूण केली. तिथे काळ्या काचेच्या गोळ्यांत कॅमेरे बसवलेले असतात.

त्याने वर बघितलं, मग माझ्याकडे. "म्हणजे तुमच्या गावात तोंडाचं काही खरं नाही. जे काय असेल ते हाताने दाखवायचं."

"तोंडाचं तर नाहीच नाही," मी म्हटलं, आणि ते जरा जास्तच जोरात म्हटलं गेलं. त्याला कारण होतं. शिकागोहून आलेला एकजण दोन वर्षांपूर्वी मला 'पोचल्यावर फोन करतो' म्हणून गेला होता. तो बहुतेक अजून पोचला नसावा.

पानांच्या शर्टवाल्याने टेबलावर टकटक केलं.

"सतरा झालेत तुमचे," मी म्हटलं.

"मग?"

"एकवीसच्या वर गेलात की मेलात. सतरावर कुणी पान मागत नाही. मागणारा एक तर वेडा असतो, नाहीतर..."

"नाहीतर?"

"नाहीतर काही नाही. वेडाच असतो."

तो माझ्याकडे बघत राहिला आणि बघता बघताच त्याने पुन्हा टकटक केलं. मी पान टाकलं. नव्वी निघाली. गेला! आणि तो हरून असा हसला, की पलीकडच्या टेबलावर जिंकलेल्या माणसाने वळून बघितलं.

तेवढ्यात माझी सुट्टीची पाळी आली. माझ्या जागी पानं वाटायला आलेल्या ऑफेलियाने मागून खांद्यावर थाप मारली. मी नेहमीप्रमाणे एक टाळी वाजवली, दोन्ही तळहात उताणे-पालथे करून छताला दाखवले आणि मागे सरले.

"अहो!" तो म्हणाला. "मी हरलो म्हणून टाळ्या वाजवता?"

आणि त्या शहाण्याने स्वतःही टाळी वाजवली, आपले तळहात छताला दाखवले आणि वर पाहून मान लववली. ऑफेलियाच्या हातातली पानं हसण्याने हलायला लागली. मग मीच सांगितलं, की टेबल सोडताना आम्हाला हात दाखवावे लागतात. इथून काही घेऊन जात नाही, असं वरच्याला कळावं म्हणून.

"रोज?"

"दर वेळी. नाक खाजवलं तरी."

"आणि घरी?"

घरी जेवणाच्या टेबलावरून उठतानाही मी टाळी वाजवते, हे परक्या माणसाला सांगायचं नसतं.

त्याचं नाव कालेओ मेदेरोस. हवाईतल्या हिलो गावचा. आमचा कॅसिनो गावाच्या जुन्या भागात आहे आणि हवाईची माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथेच उतरतात. खाली उपाहारगृहात त्यांच्या आवडीचं, बैलाच्या शेपटीचं सूप मिळतं, आणि हवाईची मुख्य बेटं आठ, म्हणून व्हेगसला ती आपलं नववं बेट म्हणतात. पण कालेओ पहिल्यांदाच आला होता. आणलं होतं पुआ आंटीने.

पुआ आंटीला आमच्याकडे कोण ओळखत नाही! सख्खी मावशी कालेओची, पण तिकडे वडीलधारी बाई दिसली की आंटीच, त्यामुळे ती आमचीही आंटी. केसांत कायम एक फूल, हातात खारवलेल्या आलुबुखारांची पुडी आणि पैसे टाकून खेळायच्या मशीनशी बोलायची सवय. पुन्हा माझी पाळी आली तेव्हा ती भाच्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती.

"डेल्फिना, हे बघ आमचं ध्यान. बागेत अँथुरियमची फुलं वाढवतो. दिवसभर फुलांशीच बोलतो, म्हणून म्हटलं, चल, जरा माणसं दाखवते. तर हा म्हणतो, आंटी, इथे करायचं तरी काय? अगं, व्हेगसमध्ये येऊन कुणी असं विचारतं का?"

"मला खेळता येत नाही," कालेओ म्हणाला. "हे दिसलंच असेल." त्याने आंटीच्या पुडीतून एक आलुबुखार काढला आणि माझ्यापुढे धरला. मग जीभ चावून टेबलावर ठेवला.

"तेही चालत नाही," मी म्हटलं.

"मग चालतं तरी काय तुम्हाला?"

"हिला विचार, ही इथलीच," आंटी म्हणाली. "इथे काय काय बघायचं ते हिला सगळं माहीत."

आणि इथेच माझी पंचाईत झाली. कारण इथे जन्मले, वाढले, पण लोक लांबून येऊन जे करतात त्यातलं मी काही म्हणजे काही केलं नव्हतं. नावेत बसले नव्हते, आकाशपाळण्यात नाही. ज्याच्या दारात गंगा तो नळाखाली आंघोळ करतो, त्यातली गत.

"काहीच नाही?" कालेओचे डोळे चमकले. "मग आपण दोघं मिळून करू. मला वाट दाखवायला तुम्ही आणि तुम्हाला... लाज वाटू नये म्हणून मी."

पाहुण्यांबरोबर कॅसिनोच्या आत बसायला आम्हाला बंदी. बाहेर बंदी नाही. बाहेरची बंदी माझ्या आईची होती. आईने आयुष्यभर इथल्या हॉटेलांतल्या खोल्या आवरल्या. ती म्हणते, "परतीचं तिकीट खिशात असलेल्या माणसाला पाणी विचारावं, नाव विचारू नये." शिकागोवाल्यानंतर मी ते वाक्य गाठीला बांधलं होतं.

पण याचं नाव मला आता कळलं होतं. पाणी अजून विचारायचं होतं.

*

दुसऱ्या दिवशी माझं काम संपलं आणि आम्ही सुटलो. सुटलो म्हणजे सुटलोच! आधी जेवायला गेलो. 'हवं तितकं खा' अशा एका दालनात कालेओने पहिल्या फेरीत भाताचाच डोंगर आणला. मी कपाळाला हात लावला.

"अहो, भात घरी मिळतो. खेकडे घ्या, खेकडे!"

"भाताशिवाय खेकडे? तुम्ही माणसं आहात का कोण?"

मग नाव. एका हॉटेलच्या दुसऱ्या मजल्यावर कालवा आहे, वर रंगवलेलं आकाश आहे आणि तिथे दिवसभर संध्याकाळच असते. पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घातलेला नावाडी परक्या भाषेत प्रेमगीत म्हणत आला आणि मला बघून मध्येच थांबला.

"डेल्फिना? तू? नावेत?"

हा रसेल. माझ्या शाळेतला, मागच्या बाकावरचा. मी तोंड लपवलं.

"गा तू. गा मुकाट्याने," मी म्हटलं.

तो गायला, आणि नको तितका लाडिक गायला. पुलाखाली नाव हेलकावली तेव्हा कालेओचा खांदा माझ्या खांद्याला लागला आणि तिथेच राहिला. माझं नाक खाजायला लागलं. मी खाजवलं, आणि टाळी वाजवून तळहात रंगवलेल्या आकाशाला दाखवले! कालेओनेही लगेच टाळी वाजवली. रसेलला काय वाटलं कोण जाणे, त्याने आणखी एक कडवं म्हटलं.

"तू घरीही करतेस हे," कालेओ हळूच म्हणाला. तुम्हीचं तू कधी झालं ते आम्हा दोघांनाही कळलं नव्हतं.

"जेवून उठताना," मी कबूल केलं.

"कुणाला दाखवतेस?"

"आईला. ती म्हणते, चमचा घेऊन पळणार नाहीस हे माहितीये मला."

शनिवारी आम्ही जुन्या पाट्यांच्या आवारात गेलो. बंद पडलेल्या कॅसिनोंच्या दिव्यांच्या पाट्या तिथे उघड्यावर मांडून ठेवल्यात. गंजलेली अक्षरं, फुटके दिवे, माणसापेक्षा मोठा एक बूट. आमच्या गावाला जुनं काही ठेवायची सवय नाही, जे आहे ते एवढंच. तिथे फिरताना आभाळ भरून आलं आणि टपोरे चार थेंब पडले. लगेच वाळवंटातल्या झुडपांचा तो वास सुटला, कडवट, ओला. तो वास आला की आम्ही इथली माणसं हातातलं काम टाकून बाहेर येतो. मी तोंड वर करून डोळे मिटून उभी राहिले.

डोळे उघडले तर पाऊस संपला होता आणि कालेओ माझ्याकडे बघत होता.

"याला तुम्ही पाऊस म्हणता?"

"हसू नकोस हं! वर्षातून किती वेळा मिळतो आम्हाला."

"हसत नाहीये." खरंच हसत नव्हता. "आमच्या हिलोत रोज पडतो. रात्री पत्र्यावर, सकाळी पानांवर. आम्ही वर बघतही नाही. तू जशी उभी होतीस ना... तसं मी पावसाकडे कधी पाहिलंच नाही."

माझ्या पापणीवर एक थेंब अडकला होता. तो पुसायला त्याने हात पुढे केला, आणि मध्येच थबकून म्हणाला, "का टेबलावर ठेवू?" मी इतकी हसले की थेंब आपोआप गळून गेला. पण मला वाटत होतं, पुसला असता तरी चाललं असतं.

त्याच संध्याकाळी आकाशपाळणा. काचेची खोलीच ती, हळूहळू वर जाते. गर्दी नव्हती, आम्ही दोघंच होतो. खाली एकेक दिवा लागायला लागला, डोंगर जांभळे झाले आणि माझं सगळं गाव खेळण्यासारखं पायाखाली आलं. मी त्याला बोटाने दाखवत होते, तो आमचा कॅसिनो, ते आमच्या घराकडचं वळण, ती माझी शाळा. माझाच उत्साह माझ्यात मावत नव्हता. पाळणा अगदी वर पोचला.

"डेल्फिना," तो म्हणाला. "तू मला आवडतेस. सुट्टीवर आल्यावर माणसं आवडतात, तसं नाही. सोमवारीही आवडशील, तसं."

हेच ऐकायला मी दोन दिवस कान टवकारून बसले होते. आणि ऐकलं तशी घाबरले.

"हे तू बोलत नाहीस, हे गाव बोलतंय," मी म्हटलं. "इथे सगळ्यांना असं होतं. सोमवारी रोपांना पाणी घालताना माझं नावही आठवणार नाही तुला."

"आमच्याकडे रोपांना पाणी घालावं लागत नाही. पाऊस पडतो."

एरवी मी हसले असते. पाळणा खाली आला. दार उघडलं. मी उठले, आणि उठता उठता माझ्या हातांनी जे दर वेळी करतात ते केलं. एक टाळी. दोन्ही तळहात उताणे, पालथे.

त्याने या वेळी टाळी वाजवली नाही.

"कळलं," तो म्हणाला. "काही घेऊन जात नाहीयेस."

आणि तो गर्दीत शिरला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. 'अरे, सवय आहे ती' एवढंच ओरडायचं होतं मला, पण तोंड उघडलं नाही. खरं सांगायचं तर क्षणभर बरंही वाटलं, सुटले म्हणून. ते बरं वाटणं गाडीपर्यंत टिकलं. गाडीत बसून मी ढसाढसा रडले.

*

रविवारी सकाळी माझं टेबल भरलेलं होतं. पुआ आंटी, तिच्या दोन मैत्रिणी आणि टेक्सासचा एक रुंद टोपीवाला, खुर्चीला चिकटलेला. कालेओ नव्हता.

आंटीने चिप, पैशाची ती चकती, डावावर ठेवली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "काय गं, माझ्या भाच्याला हात दाखवलेस म्हणे?"

माझ्या हातातलं पान निसटता निसटता राहिलं. "आंटी, ती सवय आहे! तुम्हाला तर माहितीये."

"मला माहितीये. त्याला त्याचा अर्थ शिकवणारी तू. काल तेवढं सांगितलंन्‌, मग तोंडातून शब्द नाही त्याच्या, सूपसुद्धा ढकललंन्‌ बाजूला. आत्ता सगळ्यांचं सामान घेऊन विमानतळावर गेलाय. मी पोचते शेवटच्या क्षणी, नेहमीसारखी." तिने टकटक केलं. "आवडतो का तुला?"

"आंटी, इथे..."

"अगं, वरच्याला ऐकू येत नाही."

मी पान टाकलं. "आवडतो," मी म्हटलं. "खूप आवडतो."

दोन्ही मैत्रिणींनी एकदमच हाय म्हणून छातीला हात लावले. टोपीवाला म्हणाला, "खेळायचं का जरा?"

मी आमच्या झोरानला हाक मारली. हा आमचा साहेब, सर्बियाचा. त्याला हसताना पाहिल्याचं ऑफेलिया शपथेवर सांगते, बाकी कुणी नाही.

"झोरान, आज लवकर सोड ना मला."

"टेबल रिकामं झालं तर सोडतो. एक जरी माणूस बसला असेल तर नाही. नियम माहितीये तुला."

तो वळला न वळला तोच आंटी उठली. मैत्रिणींना म्हणाली, "चला गं, सूप प्यायला." त्या उठल्या. उरला टोपीवाला. आंटी त्याच्या कानाशी वाकली.

"अहो, त्या खांबाजवळच्या मशीनवरून मी मघाशीच उठले. नुसतं तापलंय. सकाळपासून गिळतंय, आता ओकणार बघा. मला विमान गाठायचंय, नाहीतर मीच..."

मशीन तापत-बिपत नाही हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पण टोपीवाला चिप गोळा करून असा निघाला, की टोपी हातात धरावी लागली.

झोरानने रिकाम्या टेबलाकडे बघितलं. मग आंटीकडे. मग माझ्या लाल झालेल्या डोळ्यांकडे.

"पुआ, हे बरं नाही."

"काय बरं नाही? सूप प्यायला जाणं?"

झोरानने लांब श्वास घेतला. "टेबल बंद. जा, डेल्फिना."

ऑफेलिया खोटं बोलत नव्हती. तो हसला!

मी टाळी वाजवली, हात दाखवले आणि धावले. गाडीत आंटी पट्टा आवळून म्हणाली, "पळव. विमान माझ्यासाठी थांबतं असं मी तीस वर्षं सगळ्यांना सांगतेय, पण खरं सांगू का, थांबत नाही."

विमानतळावरही मशीनं खणखणत होती. बॅगांच्या रांगेत सगळ्यात उंच डोकं त्याचंच दिसलं. पायाशी चिकटपट्टीने गुंडाळलेली, खाणं गार ठेवायची मोठी पेटी. मला बघून तो हलला नाही, फक्त रांगेतल्या मागच्या माणसाला पुढे जाऊ दिलं.

"कालेओ, ते हात... ती सवय होती रे. मी असं म्हणायला—"

"बोललेलं चालत नाही," तो म्हणाला. चेहरा गंभीर होता, आवाज जरा कापत होता.

मी इकडेतिकडे बघितलं. टेबल कुठून आणू? मग खाली वाकले आणि त्याच्या त्या पेटीच्या झाकणावर बोटाने वाजवलं. टकटक.

त्याने माझ्या बोटाकडे बघितलं.

"सतरा झालेत, डेल्फिना. तुझं काम इथे, माझी बाग तिथे. मध्ये अख्खा समुद्र. आणि तूच सांगितलंस, तुझी आई मला पाणी विचारेल, नाव नाही."

"माहितीये."

"सतरावर कुणी पान मागत नाही."

"वेडी माणसं मागतात." मी पुन्हा वाजवलं, या वेळी जोरात. "देतोस का नाही?"

मग तो हसला. पहिल्या दिवशी हरून हसला होता तसा, मोठ्याने, सगळी रांग वळून बघेल असा. त्याने खिशातून आंटीची पुडी काढली, एक आलुबुखार घेतला आणि सवयीने पेटीच्या झाकणावर ठेवायला लागला.

"तिथे नको," मी म्हटलं. "हातात दे."

त्याने माझ्या हातात दिला. आलुबुखार दिला, पण हात काही काढून घेतला नाही, मीही सोडवला नाही. तो आंबट-खारट आलुबुखार तोंडात टाकला तशी माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आंबटामुळेच आलं असं मी त्याला सांगितलं. त्याने ते मानलं नाही आणि ओठांनीच खात्री करून घेतली. आंटी तिकडे तोंड करून विमानांची पाटी वाचत होती, चष्म्याशिवाय.

"पुढच्या महिन्यात माझी रजा आहे," मी म्हटलं. "हिलोत पाऊस असेल?"

"रोज."

"छत्री आणू?"

"छत्री पाहुणे आणतात," तो म्हणाला. "तू नको आणूस."

आंटीने त्याला ओढत नेलं. काचेपलीकडे जाईपर्यंत तो उलटा चालत होता, आणि दोनदा कुणाच्या तरी बॅगेवर आदळला. शेवटच्या वळणावर थांबून त्याने तिथल्या खांबावर बोटाने वाजवलं. मला ऐकू आलं नाही, पण दिसलं.

मी वळले. दाराशी येताना माझे हात आपोआप वर आले, टाळीसाठी. उजव्या हातात अजून ती आलुबुखाराची बी होती, ओली. वर छताला काळ्या काचेचा गोळा होता. मी त्याच्याकडे बघितलं, मूठ घट्ट मिटली आणि तशीच बाहेर उन्हात पडले.